विहिरीवरचं फोर्ड इंजिन
(पुण्यात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

जुन्या गाड्यांच्या रॅलीला आपण जातो, तेव्हा गर्दी रंगापाशी असते, क्रोमपाशी असते, मोठ्या पितळी दिव्यांपाशी असते. फोटोही तिथेच काढले जातात. मी मालकाला विनंती करून बॉनेट उघडायला लावतो. आणि अनेकदा १९३० च्या आसपासच्या देखण्या बॉडीखाली ॲम्बेसिडरचं १४८९ सीसीचं इंजिन निघतं, नाहीतर एखादं डिझेल. गाडी टिकली, इंजिन गेलं. आजचं माझं सगळं बोलणं त्या गेलेल्या इंजिनाबद्दल आहे. ते गेलं कुठे, सापडलं तर ओळखायचं कसं, आणि ओळखल्यावर त्याचं करायचं काय.

इंजिन बदलणाऱ्या मिस्त्रीला मी दोष देणार नाही. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले, परदेशी गाड्यांचे सुटे भाग मिळेनासे झाले. १९७३ नंतर पेट्रोल भडकलं. मोठ्या अमेरिकन गाडीत पेट्रोल ओतणं चांगल्या घरांनाही परवडेना. मग कुणी डिझेल बसवलं, कुणी ॲम्बेसिडरचं इंजिन टाकलं. माउंटिंग नवी करायची, गिअरबॉक्स जुळवायचा, प्रोपेलर शाफ्ट कापून लांबी बसवायची, हे सोपं काम नव्हे. त्या हातांनी गाड्या रस्त्यावर ठेवल्या, नाहीतर त्या केव्हाच वितळल्या असत्या. पण उतरवलेलं इंजिन मात्र शेडच्या कोपऱ्यात गेलं, तिथून जुन्या बाजारात, आणि तिथून बहुतेक वेळा भट्टीत. क्वचित एखादं शेतात गेलं.

असं एक मला पुरंदर तालुक्यात दिसलं, विहिरीच्या काठावर, पत्र्याच्या छपराखाली. सिमेंटच्या ओट्यावर बोल्टांनी घट्ट केलेलं, पट्ट्यानं पंपाला जोडलेलं. चार सिलिंडर, व्हॉल्व्ह बाजूला, वर सपाट हेड. मालक म्हणाले, "इंजान मोडू नगा एवढंच. आमच्या म्हाताऱ्यानं याच्यावर अंजिराची बाग जगवली." ब्लॉकच्या डाव्या अंगाला नंबर ठोकायची एक सपाट जागा असते. ती वायर ब्रशनं हळूच साफ केली, तर आकड्यांच्या आधी दोन अक्षरं निघाली : सी आणि ए.

ते फोर्ड मॉडेल ए चं इंजिन होतं. १९२७ ते १९३१ या काळात निघालेली ही गाडी. इंजिन साधारण ३.३ लिटरचं, ४० अश्वशक्तीचं. अमेरिकेत बनलेल्या मॉडेल ए च्या नंबराआधी नुसतं ए असतं, कॅनडात बनलेल्याच्या आधी सी-ए. आता पुरंदरच्या विहिरीवर कॅनडाचं इंजिन कसं? ब्रिटन वगळता ब्रिटिश साम्राज्यातल्या बहुतेक देशांत फोर्ड विकण्याचा हक्क कॅनडातल्या फोर्डकडे होता, त्यामुळे हिंदुस्थानात उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या फोर्ड तिथूनच येत. दोन अक्षरांत साम्राज्याचा व्यापार मांडलेला आहे. मागे कागद नाहीत, गाडी नाही, पहिला मालक कोण ते माहीत नाही. लोखंडानं मात्र आपला पत्ता जपला.

ते इंजिन रॉकेलवर चालायचं. पेट्रोलवर सुरू करायचं, तापलं की रॉकेलचा कॉक उघडायचा. आजच्या गाडीत हे केलं तर इंजिन खडखडून फुटेल. मॉडेल ए ला ते चाललं, कारण तिचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण, जेमतेम ४.२ ला १ होतं. त्या काळचं पेट्रोलच इतक्या हलक्या प्रतीचं होतं की जास्त दाबलं तर ते वेळेआधी पेटायचं, म्हणून इंजिनं मुळात सौम्य बनवलेली असत. रॉकेल थोडं ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, बेरिंग लवकर झिजतात; ते शेतकऱ्याला माहीत होतं आणि तो ऑइल लवकर बदलायचा. १९४६ साली खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली आणि पुढे गावोगावच्या विहिरींवर तिची डिझेल इंजिनं धडधडू लागली. त्याआधीच्या आणि त्या दरम्यानच्या काळात मोटारींच्या उतरवलेल्या इंजिनांनी किती शेतं भिजवली, याची नोंद कुणी ठेवली नाही. मोटारीच्या इतिहासाच्या पुस्तकांत या कामाला जागा नाही. माझ्या मते ती असायला हवी.

नंबर नसेल तर? घासला गेला असेल, ब्लॉकचा तो तुकडाच तुटला असेल? मग व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घेणारी पट्टी, काढा. सिलिंडरचा व्यास मोजा, पिस्टनची धाव, म्हणजे तो खालून वर किती सरकतो ते, मोजा. एवढ्यावरून इंजिन कोणत्या देशाचं, याचा चांगला अंदाज बांधता येतो, आणि त्याचं कारण एक कर आहे.

इंग्लंडमध्ये रॉयल ऑटोमोबाइल क्लबचं एक सूत्र होतं. सिलिंडरचा व्यास इंचात घ्या, त्याचा वर्ग करा, सिलिंडरच्या संख्येनं गुणा, अडीचनं भागा. येणारा आकडा म्हणजे त्या गाडीची कागदोपत्री अश्वशक्ती. १९२१ पासून या प्रत्येक अश्वशक्तीला वर्षाला एक पौंड कर बसला. सूत्रात पिस्टनची धाव कुठेच नाही हे लक्षात घ्या. फक्त व्यास. मग कारखान्यातल्या माणसानं काय केलं असेल? व्यास अरुंद ठेवला आणि धाव लांबवली. मॉरिस एट घ्या, आपल्याकडे पुष्कळ आल्या होत्या. व्यास ५७ मिलिमीटर, धाव ९० मिलिमीटर. उंच, सडपातळ सिलिंडर. गणित केलं की जवळजवळ आठ अश्वशक्ती येते. नावातच कर आहे.

आता फोर्ड मॉडेल टी. व्यास पावणेचार इंच, धाव चार इंच. सूत्रानं साडेबावीस अश्वशक्ती, म्हणजे २३ पौंड कर. प्रत्यक्षात त्या इंजिनाची ताकद जेमतेम वीस! शेजारच्या माणसाची ऑस्टिन सेव्हन फक्त आठ पौंडांत सुटायची. इंग्लंडमध्ये टी चं मोठं नुकसान झालं ते इथे. अमेरिकेत असा कर नव्हता, म्हणून तिथली इंजिनं रुंद व्यासाची, ऐसपैस. इंग्रजी इंजिनांत धाव लांब, त्यामुळे फेऱ्या वाढवल्या की पिस्टनचा वेग धोक्याच्या पातळीला जातो. ती इंजिनं कमी फेऱ्यांतच चालवायची. १९४८ मध्ये हा कर गेला, सरसकट दहा पौंड झाला. लगेच फरक दिसतो. १९५० साली इंग्लंडच्या फोर्डनं कॉन्सल आणली, तिचा व्यास धावेपेक्षा मोठा आहे. भंगारात पडलेल्या ब्लॉकमध्ये हात घालून तुम्हाला ब्रिटिश संसदेचा कायदा मोजता येतो. कोणत्याही सुंदर बॉडीपेक्षा मला हे जास्त थरारक वाटतं.

आता एका खरोखर दुर्मीळ इंजिनाबद्दल. जरा वेळ घेतो, कारण हे समोर आलं तरी फार थोडे लोक ओळखतात.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मोटार म्हणजे आवाज. व्हॉल्व्हच्या झडपा आपटत, त्यांना उचलणारे टॅपेट वाजत. अमेरिकेत चार्ल्स नाइट नावाचा माणूस होता. तो मूळचा वृत्तपत्राचा प्रकाशक, इंजिनिअर नव्हे. त्याला हा खडखडाट असह्य झाला. त्यानं व्हॉल्व्हच काढून टाकले. पिस्टन आणि सिलिंडरच्या मधे त्यानं दोन बाह्या बसवल्या, एकीत एक, पातळ ओतीव लोखंडाच्या. त्यांना खिडक्या पाडलेल्या. क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरणारा एक शाफ्ट छोट्या दांड्यांनी या बाह्या वरखाली करतो. दोन्ही बाह्यांच्या खिडक्या एका बाजूच्या मार्गासमोर आल्या की मिश्रण आत येतं, दुसऱ्या बाजूला आल्या की धूर बाहेर जातो. आपटणारं काही नाहीच. सगळं घसरतं.

अमेरिकेत सुरुवातीला त्याला फारसं कुणी विचारलं नाही. इंग्लंडच्या डेमलरनं ते उचललं, १९०८-०९ च्या सुमारास. मग बेल्जियमची मिनर्व्हा, फ्रान्सची पॅनहार्ड, जर्मनीत मर्सिडीज, आणि नंतर अमेरिकेत विलिज-नाइट. राजघराण्यांना डेमलर पसंत पडली. हिंदुस्थानातल्या संस्थानिकांकडेही डेमलर आणि मिनर्व्हा आल्या. मिरवणुकीत हत्ती-घोड्यांच्या शेजारून जाणारी गाडी गुपचूप चालली पाहिजे, ही संस्थानिकांची खरी गरज होती.

मग हे का संपलं? ऑइल खायचं. दोन बाह्यांच्या चार पृष्ठभागांना ऑइल लागतं, त्यातलं काही जळतंच. मागे निळसर धूर दिसला की नाइट इंजिन ओळखावं. शिवाय बनवायला महाग. तोवर साधे व्हॉल्व्हही सुधारले, पोलाद सुधारलं, टॅपेट शांत झाले. तीसच्या दशकात बहुतेकांनी नाइटचा मार्ग सोडला. पण कल्पना मेली नाही. एकच बाही असलेला तिचा दुसरा प्रकार दुसऱ्या महायुद्धात ब्रिस्टल हर्क्युलिससारख्या विमानाच्या इंजिनांत हजारोंनी उडाला.

तर भंगारात चार किंवा सहा सिलिंडरचं इंजिन दिसलं, टॅपेटचं झाकण कुठेच नाही, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा नाहीत, आणि प्रत्येक सिलिंडरचं हेड वेगळं, बुचासारखं खाली सिलिंडरात उतरलेलं, तर थांबा. "यात काहीतरी कमी आहे, अर्धवट आहे" असं म्हणून ते किलोवर विकू नका. ते पूर्ण आहे.

इंदूरच्या होळकर महाराजांची ड्यूसेनबर्ग, कॅडिलॅकचं १९३० चं सोळा सिलिंडरचं इंजिन, यांच्याबद्दल मी जास्त बोलत नाही. ती थोर इंजिनं आहेत, पण त्यांच्या प्रत्येक बोल्टची नोंद जगात कुठेतरी आहे. त्यांची काळजी घ्यायला माणसं आहेत. बुगाटी रॉयलचा फक्त एक उल्लेख करतो : १२.७ लिटरची आठ सिलिंडरची इंजिनं, गाड्या सहाच झाल्या आणि गिऱ्हाइकं तीन. उरलेली इंजिनं फ्रान्समध्ये रेल्वेच्या डब्यांना बसवली. म्हणजे मोटारीचं इंजिन दुसऱ्या कामाला लागणं ही काही फक्त पुरंदरची गोष्ट नाही.

मला काळजी वाटते ती साध्या इंजिनांची. मॉडेल टी दीड कोटीहून जास्त बनल्या. इतकी विपुल वस्तू कधी दुर्मीळ होईल असं कुणाला वाटलं असेल? आज मूळ कार्ब्युरेटरसह पूर्ण इंजिन आपल्याकडे शोधून दाखवा. आणि आता आपली फियाट. १९३७ साली इटलीत फियाटनं ११०० काढली : १०८९ सीसी, व्यास ६८, धाव ७५. वालचंद हिराचंदांच्या प्रीमिअर कंपनीनं कुर्ल्याला फियाट बनवली, ती पुढे पद्मिनी झाली, आणि त्याच व्यासाचं, त्याच धावेचं इंजिन विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत बनत राहिलं. साठ वर्षं! नाना पेठेत आजही तुम्हाला तिचे पिस्टन, रिंगा विचारून मिळतील. म्हणूनच ती धडाधड मोडीत जातायत. त्यातली सुरुवातीची इंजिनं, इटालियन ओतकाम असलेली, आत्ताच वेगळी काढून ठेवायला हवीत.

२०२१ मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज वाहनांचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली दुचाकी-चारचाकी वाहनं त्यात बसतात. नंबरप्लेटवर व्ही-ए ही अक्षरं येतात. नियम आला हे उत्तमच. पण त्यामुळे एक नवी घाई सुरू झालीय. गाडीत साठ वर्षं चाललेलं बदली इंजिन काढून फेकायचं आणि कुठूनतरी "मूळ" मिळवून बसवायचं. मूळ इंजिन जरूर बसवा. पण काढलेलं फेकू नका. ते कुणी बसवलं, कोणत्या साली, आरसी बुकात बदल केव्हा नोंदला, हे लिहून त्याच्याच बाजूला ठेवा. तोही त्या गाडीचा इतिहास आहे.

आता हातातल्या कामाचं. इंजिन सापडलं आणि जाम असलं तर ट्रॅक्टरनं ओढून फिरवू नका. रिंग तुटते, धार सिलिंडर ओरखडते. प्लगच्या भोकांतून डिझेल आणि ऑइल मिसळून सोडा आणि दिवसच्या दिवस थांबा. नंबरच्या जागेवर ग्राइंडर लावू नका, सँडब्लास्टिंग तर नकोच. मूळ रंगाचे थर आणि ओतकामाच्या तारखा त्यात जातात. सुरू झालंच, तर पेट्रोल बघून भरा. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं घालत, आता नसतं; पण त्याची चिंता १९२३ च्या आधीच्या इंजिनांना नाहीच, ती शिसं येण्याआधीची आहेत. चिंता आताच्या इथेनॉलची आहे. जुन्या कार्ब्युरेटरचे फ्लोट, म्हणजे आतल्या पेट्रोलची पातळी राखणारे तरंगते तुकडे, बुचाच्या लाकडाचे, त्यावर लाखेचा लेप. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. लेप गेला की फ्लोट पेट्रोल पितो, जड होतो, कार्ब्युरेटर भरून वाहू लागतो, आणि खाली तापलेलं एक्झॉस्ट असतं. फ्लोट पितळी करून घ्या, आणि मूळ फ्लोट डब्यात जपून ठेवा.

शेवटचं काम तुमच्याकडे मागतो. मॉडेल टी आणि ए मध्ये आजच्यासारखे बाजारातले बेरिंग शेल नसतात. व्हाइट मेटल हा मऊ मिश्रधातू वितळवून थेट ब्लॉकमध्ये ओततात, मग बोअर करतात, निळी लावून हातानं स्क्रेप करतात. पुण्यात हे काम करणारी माणसं होती. काहींचं वय झालंय, काहींची शटरं बंद झाली, साचे आणि मँड्रेल घरात पडून आहेत. तुमच्या आजोबांकडे, मामांकडे, ओळखीच्या कुणा फिटरकडे असं काही असेल तर जाण्याआधी मला भेटा, नाव आणि फोन लिहून द्या. साचे विकत घ्यायचीही माझी तयारी आहे, पण त्याहून मला ते ओतताना बघायचंय, आणि सोबत इथली दोन-तीन इंजिनिअरिंगची मुलं न्यायचीत. कोण येणार, तेही आत्ताच सांगा.