दहा मिनिटांत बंद पडणारा लॅपटॉप

(दृश्य : महात्मा गांधी रस्ता, नाशिक. शटर वर जातं. टेबलावर पालथा लॅपटॉप.)

उन्हाळा लागला की दुरुस्तीच्या टेबलावर ही तक्रार ठरलेली : "दहा मिनिटं चालतो आणि फटकन बंद पडतो." ग्राहकाचा संशय व्हायरसवर. दोष बहुतेकदा धुळीचा.

झाकण उघडल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं. मगच पुढे हात. पंखा आणि हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) पात्या यांच्या मधल्या फटीत धूळ बसत बसत तिचा अक्षरशः नमदा होतो. बाहेरची जाळी मात्र स्वच्छ दिसते, म्हणून नुसता बाहेरून ब्लोअर मारून भागत नाही. पंखाच सोडवावा लागतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरा. मोकळं सोडलं तर भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं.

प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास तापला की आधी स्वतःचा वेग उतरवतो. तेवढ्याने भागलं नाही तर जळण्याआधी मशीनच बंद करतो. ते "फटकन" म्हणजे हेच.

(दृश्य : हीटसिंकचे स्क्रू, अगदी जवळून.)

स्क्रूंशेजारी बहुधा १, २, ३, ४ आकडे असतात. बसवताना त्याच क्रमाने, काढताना उलट, आणि दोन्ही वेळा थोडं थोडं फिरवत. एकच बाजू आवळली तर चिपचा कोपरा उडतो. चिप आणि हीटसिंकमधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट खडूसारखी सुकलेली असते; ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची आणि नवी लावायची मटकीच्या दाण्याएवढी. मिसळीच्या गावात माप समजायला अडचण नको! शेजारचा मऊ थर्मल पॅड (हाही उष्णता वाहून नेणाराच) फाटला तर तिथे पेस्ट चालत नाही, तेवढ्याच जाडीचा पॅडच हवा.

पंखा फिरतोय पण स्क्रीन काळी? टॉर्च तिरका धरून बघा. अंधुक चित्र दिसलं तर बॅकलाइट, म्हणजे स्क्रीनमागचा उजेड, गेलाय. काहीच दिसलं नाही तर रॅम (मेमरीचं कार्ड) काढा, सोनेरी पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, टक् वाजेपर्यंत बसवा. मदरबोर्डला, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डाला, दोष त्यानंतर.

(दृश्य : टचपॅड वर उचलला गेलेला लॅपटॉप.)

टचपॅड फुगून वर आला, तर खाली बॅटरी फुगलीय. चार्जिंग तिथेच थांबवा. दाबू नका, टोचू नका. बदललेली बॅटरी घंटागाडीत नको, ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या. कचऱ्यात दबली की ती पेट घेऊ शकते.