गोळा कुठे सापडला?

(वाघोटन खाडीचं मुख. ओहोटी. मागे विजयदुर्गाचा तट.)

फेब्रुवारी १७५६. याच पाण्यात तुळाजी आंग्र्यांची गलबतं एकमेकांना खेटून नांगरली होती. समोर अ‍ॅडमिरल वॉटसनचा काफिला होता आणि जमिनीवर उतरायच्या तयारीत क्लाइव्हची फौज. इंग्रजांकडून पूर्वी जिंकून घेतलेलं 'रिस्टोरेशन' हे जहाजही आंग्र्यांच्या ताफ्यात होतं. त्याच्यावर एक कुलपी गोळा येऊन पडला. कुलपी म्हणजे पोकळ, आत दारू ठासलेला. आग लागली, शेजारच्या गलबतांनी पेट घेतला आणि कान्होजींच्या काळापासून उभं राहिलेलं आरमार बघता बघता जळालं. या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. कोकणात आजही हा विषय निघाला की माणसं हळहळतात, आणि ते बरोबरच आहे.

आदल्या वर्षी हर्णैच्या सुवर्णदुर्गावर असंच घडलं. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने 'प्रोटेक्टर' जहाज किल्ला आणि किनारा यांच्यामधल्या पाण्यात आणलं. त्याच्या माऱ्यात किल्ल्याच्या आत आग लागली, ती दारूकोठारापर्यंत पोचली आणि कोठार उडालं. या विजयाची आठवण म्हणून जेम्सच्या विधवेने लंडनजवळ १७८४ साली एक बुरूज बांधला. 'सेव्हर्नड्रूग कॅसल' म्हणतात त्याला. तो अजून उभा आहे.

इतकी तोफबाजी झाली, मग ते गोळे गेले कुठे? काही तटात रुतले, बरेचसे समुद्राच्या तळाशी गेले. आणि काही लोकांच्या घरी आले.

(देवगड तालुक्यातलं एक घर. पडवी. दाराला टेकवलेला काळपट गोळा.)

हा त्यातलाच एक. पिढ्यान्‌पिढ्या दार अडवायला वापरलेला. घरातल्या आजी सांगतात, "सासऱ्यांका ह्यो ओहोटीक चिखलात गावलो हुतो." आम्ही विचारलं, "कुठल्या चिखलात, आजी?" त्यांनी खाडीच्या काठाकडे बोट दाखवलं आणि जागा सांगितली. या फिल्मसाठी आम्हाला मिळालेली ही सगळ्यात मोलाची गोष्ट.

का, ते सांगतो. आधी गोळा नीट बघू.

दोरी गुंडाळून परीघ मोजला तर ४४ सेंटीमीटर. ३.१४ ने भागलं की व्यास साधारण १४ सेंटीमीटर. युरोपीय तोफा गोळ्याच्या वजनावरून ओळखल्या जात, आणि हे माप २४ पौंडी तोफेचं, म्हणजे अकरा किलोच्या आसपास. गोळ्याच्या कमरेभोवती एक पुसट कड बोटाला लागते. साच्याचे दोन अर्धे भाग जुळले, तिथली ही खूण. एका जागी थोडा सपाटपणा आहे. तिथून वितळलेलं बीड आत ओतलं गेलं. या खुणा तपासल्याशिवाय कुठलाही लोखंडी गोळा तोफेचा मानू नये. खनिज दळणाऱ्या कारखान्यांतले पोलादी गोळेही हुबेहूब असेच दिसतात आणि ऐतिहासिक म्हणून विकले जातात.

गोळा तर तोफेचाच. पण मारला कोणी? इथेच गोळा गप्प होतो. आंग्र्यांकडे युरोपीय तोफा होत्या, जहाजांसकट जिंकलेल्यासुद्धा. एकाच मापाचा गोळा किल्ल्यावरून सुटलेला असू शकतो किंवा किल्ल्यावर आलेला. ते ठरतं जागेवरून. तो तटाच्या कोणत्या अंगाला पडला, किती खोल होता, शेजारी आणखी काय होतं, यावरून. अशा दहा-वीस जागा नकाशावर मांडल्या तर जहाजं कुठे उभी होती याचा माग लागू शकतो. जागा न लिहिता गोळा दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात गेला, की तो माग कायमचा पुसला जातो. मला हे चोरीइतकंच वाईट वाटतं, मग उचलणाऱ्याचं इतिहासावर कितीही प्रेम असो.

(गोळ्याचा जवळून फोटो. पापुद्रे सुटलेले.)

आता हे पापुद्रे. खाऱ्या पाण्यात शतकानुशतकं राहिलेल्या बिडातलं लोखंड हळूहळू निघून जातं आणि मागे उरतं ग्राफाइट, पेन्सिलीतल्या शिशासारखं मऊ. आकार शाबूत दिसतो, पण सुरीने कापता येईल इतकी वरची साल दुबळी झालेली असते. असा गोळा उन्हात वाळवला की आतल्या क्षारांमुळे तो तडकतो. कधी कधी तर हवा लागताच आपोआप तापतो. प्रयोगशाळेत तो कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ठेवतात आणि क्षार निघेपर्यंत द्रावण बदलत राहतात. महिनोन्‌महिने, मोठ्या गोळ्याला वर्षंही लागतात. तारेच्या ब्रशने घासून वॉर्निश मारणं म्हणजे त्याची वाट लावणं.

आणि तो कुलपी निघाला तर? भरीव गोळ्यात फुटण्यासारखं काही नसतं. पोकळ गोळ्याची गोष्ट वेगळी. बत्तीचं भोक गंजाने बुजलेलं असू शकतं. जुनी दारू पाण्यात राहिली म्हणून कायमची मेली असं नाही, वाळली की ती पुन्हा पेट घेऊ शकते. अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये २००८ साली यादवी युद्धातला गोळा साफ करताना एका अनुभवी संग्राहकाचा स्फोटात जीव गेला. युद्ध संपून तेव्हा १४३ वर्षं झाली होती. बेल्जियम आणि फ्रान्समध्ये नांगरटीत पहिल्या महायुद्धाचे गोळे दरवर्षी निघतात. शेतकरी ते बांधावर ठेवतात आणि लष्कराची माणसं येऊन घेऊन जातात. आपल्याकडे भोक दिसलं, किंवा मापाच्या मानाने गोळा हलका वाटला, तर ड्रिल लावू नका, हलवू नका, पोलिसांना बोलवा. बॉम्बशोधक पथक बघेल.

विजयदुर्ग आणि सुवर्णदुर्ग हे संरक्षित किल्ले आहेत. २०२५ पासून जागतिक वारसा यादीतही आहेत. तिथून खडाही उचलायचा नाही. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, ती परदेशी नेता येत नाही आणि परवान्याशिवाय विकता येत नाही. १८७८ च्या कायद्यानुसार, जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

पण घराघरांत आधीच आलेल्या गोळ्यांचं काय? त्यांची माहिती अजून माणसांच्या तोंडी आहे, आणि ती माणसं ऐंशीच्या पुढची आहेत. तुमच्या पडवीत, देवळाच्या आवारात असा गोळा असेल, आणि त्याला भोक नसेल, तर पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा. परीघ मोजा. कोणाला, कुठे, भरतीच्या रेषेच्या आत की बाहेर सापडला, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून त्यांच्याच शब्दांत लिहा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. आजींनी दाखवलेली जागा आम्ही नकाशावर नोंदवली आहे. खाडीच्या अलीकडची, किल्ल्याच्या पूर्वेची.