अंधारीत अडलेला इलेक्ट्रॉन

(दृश्य : दौलताबादचा किल्ला. खंदकावरचा पूल.)

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला जाताना वाटेत देवगिरी लागतो. खंदक ओलांडून वर चढलं की डोंगराच्या पोटात शिरणारी अंधारी. गाईड दिवा विझवतो आणि पुढच्याची पाठही दिसेनाशी होते. इथं घोळक्यानं जाता येत नाही. एकामागं एक, भिंत चाचपडत.

(दृश्य : काळोख. त्यात एक ठिपका.)

आता ही वाट केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतकी लहान करा. गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकाच्या स्फटिकावर धातूच्या बारीक पट्ट्या, त्यांना ऋण विद्युतदाब, आणि खाली इलेक्ट्रॉनसाठी तयार झालेली कोठडी. हा क्वांटम डॉट. देवगिरीच्या भिंतीतून कुणी आरपार गेलं नाही. इलेक्ट्रॉन मात्र पातळ भिंतीतूनच येतो-जातो. त्याला टनेलिंग म्हणतात.

आत बसलेला इलेक्ट्रॉन नव्याला रेटतो. नव्याला शिरायला साधारण 1 मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट जादा मोजावे लागतात. तेवढी ऊर्जा नसेल तर प्रवाह बंद : कूलॉम्ब ब्लॉकेड. पट्टीवरचा दाब हळूहळू बदलत गेलं की दार क्षणभर उघडतं, एकेक इलेक्ट्रॉन पार होतो, पुन्हा बंद. आलेखावर सुळक्यांची रांग उठते. खोलीतली साधी ऊबच 25 मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टची, म्हणून हा डॉट उणे 272 अंशांच्याही खाली न्यावा लागतो. आपल्या मे महिन्याचं तर नावच काढू नका.

(दृश्य : शेजारी-शेजारी दोन ठिपके.)

खरी गंमत दोन डॉट जोडल्यावर. इलेक्ट्रॉनला स्पिन असतो, वर किंवा खाली. भोवऱ्यासारखा फिरतो असं समजू नका, चिमुकला चुंबक म्हणा. दुसऱ्या डॉटमध्ये ‘वर’वाला आधीच बसलाय आणि पहिल्यातलाही ‘वर’च निघाला, तर पाउलीच्या नियमानं त्याच पातळीवर दोघांना जागा नाही. ऊर्जा आहे, वाट मोकळी आहे, तरी खोळंबा. जपानमध्ये ओनो, तारुचा आणि सहकाऱ्यांनी हा स्पिन ब्लॉकेड 2002 मध्ये दाखवला : एका दिशेनं प्रवाह वाहतो, उलट दिशेनं अडतो.

म्हणजे न दिसणारा स्पिन विजेच्या प्रवाहावरून ओळखता येतो. स्पिनलाच क्वांटम संगणकाचा बिट करायची कल्पना लॉस आणि डिव्हिन्चेन्झो या भौतिकशास्त्रज्ञांनी 1998 मध्येच मांडली होती.

अडचण घरातलीच निघाली. गॅलियम-आर्सेनिकच्या अणुकेंद्रांनाही स्पिन असतो. त्यांच्या ढवळाढवळीत अडलेल्या इलेक्ट्रॉनचा स्पिन उलटतो आणि तो निसटतो. म्हणून बरेच संशोधक सिलिकॉन-28 या सिलिकॉनच्या समस्थानिकाकडे वळले. त्याच्या अणुकेंद्राला स्पिनच नाही.

(दृश्य : अंधारीचं वरचं तोंड. उजेडात एकेक माणूस बाहेर येतोय.)