पर्वतीची पहिली पायरी

(दृश्य: पहाटेची पर्वती. दगडी पायऱ्या, चढणारे पाय.)

पायथ्याशी एक मुलगी उभी आहे. पोलीस भरतीची तयारी करतेय. डाव्या मनगटावर तीन बोटं, नजर घड्याळावर. "किती गं पोरी?" शेजारून चढणारे आजोबा विचारतात. "सहासष्ट, आजोबा."

मिनिटाला पडणारे हे ६६ ठोके तिच्या हृदयाने ठरवलेले नाहीत. उजव्या कर्णिकेच्या, म्हणजे हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्याच्या भिंतीत सायनस नोड नावाचा पेशींचा पुंजका आहे. प्रत्येक ठोका तिथून सुटतो. त्याला मोकळं सोडलं, तर तिच्या वयात तो मिनिटाला शंभराच्या आसपास धावेल. (आजोबांचा कमी; ही मूळ गती वयाबरोबर उतरते.) हृदय प्रत्यारोपणात मेंदूचे निरोप हृदयाकडे आणणाऱ्या नसा कापल्या जातात, म्हणून अशा रुग्णाचे ठोके बसल्या जागीही बहुधा ९० ते ११० असतात.

मग तिचे उरलेले ठोके अडवले कोणी? व्हेगस नर्व्हने. मेंदूच्या तळाशी लंबमज्जेतून निघून ही नस मानेतून हृदयाकडे उतरते. उतारावर गाडी ब्रेक दाबून धरावी, तशी ती हृदयाला धरून असते.

(दृश्य: पाऊल पहिल्या पायरीवर.)

आपण म्हणतो, चढायला लागलं की अॅड्रेनालिन उसळतं. उसळतं, पण जरा मागाहून. आधी फक्त ब्रेक सुटतो, आणि तो एखाद-दुसऱ्या ठोक्यातच जाणवतो. सिम्पथेटिक नसांचा, म्हणजे ठोके वाढवणाऱ्या नसांचा, अॅक्सिलरेटर लागू पडायला काही सेकंद जातात. तोवर ती बऱ्याच पायऱ्या वर पोचलेली असते.

नसेचा हा निरोप विजेचा नाही, रसायनाचा आहे, हे कळलं बेडकामुळे. १९२१ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये ऑटो लोवी यांनी एका बेडकाच्या हृदयाची व्हेगस उत्तेजित केली. ते मंदावलं. त्याच्या भोवतीचं द्रावण त्यांनी दुसऱ्या हृदयाला दिलं. त्याला कुठलीही नस न छेडता तेही मंदावलं! ते रसायन म्हणजे अॅसिटिलकोलिन. १९३६ मध्ये लोवींना नोबेल मिळालं.

(दृश्य: पर्वतीचा माथा. खाली उजाडणारं पुणे.)

धाप लागलेली असताना तिची बोटं मानेकडे जातात. तिथे हलकेच धरायचं. कॅरोटिड धमनीत रक्तदाब मोजणारी जागा असते. जोरात दाबलं तर मेंदूला वाटतं दाब वाढला, आणि तो ठोके कमी करतो. मोजणीच चुकते.

दहा मिनिटं गेली. ती कठड्यावर टेकली आहे, बोटं पुन्हा मनगटावर. श्वास आत घेतला, की ठोके जवळजवळ येतात. सोडला, की लांबतात.

(फक्त ठोक्यांचा आवाज.)