हार्लेममधला कॅमेरा आणि काळ्या त्वचेचा प्रकाश

२८ जानेवारी १९६२. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, पर्पल मॅनर क्लबात फॅशन शो चालू आहे: 'नॅचरली ६२'. मंचावरच्या तरुणी गडद वर्णाच्या, कपडे आफ्रिकी धाटणीचे, आणि केस जसे उगवतात तसेच. त्या काळी कृष्णवर्णीयांच्या मासिकांतही उजळ रंगाच्या, गरम फणीने केस सरळ केलेल्या मुलींनाच पसंती असे.

या तरुणी म्हणजे 'ग्रँडासा मॉडेल्स'. कार्लोस कुक्स हे गार्वीवादी, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या स्वाभिमानाचे पुढारी मार्कस गार्वी यांचा विचार मानणारे, नेते आफ्रिकेला 'ग्रँडासालँड' म्हणत, त्यावरून हे नाव आले. कॅमेऱ्यामागे क्वामे ब्राथवेट. जन्म १९३८, ब्रुकलिनचा, आईवडील बार्बाडोसचे. आता क्वामे यांनी काढलेली त्यांच्या पत्नी, मॉडेल सिकोलो ब्राथवेट यांची छबी पाहा. डोक्यावर कॅरोली प्रिन्स यांनी घडवलेला मण्यांचा साज आहे.

अशी छबी टिपताना पहिली फसगत कॅमेऱ्यातला मीटर, म्हणजे प्रकाशमापक, करतो. समोर जे असेल त्याला तो मधली करडी छटा धरतो. मागे पांढरी भिंत असली की तो प्रकाश कमी करतो आणि चेहरा काळाठिक्कर येतो. उलट, चेहऱ्याने चौकट भरली की प्रकाश वाढवतो. त्वचेची गडद छटा धुऊन निघते. म्हणून चेहऱ्यावर पडणारा प्रकाश मोजणारा इन्सिडंट मीटर हनुवटीजवळ धरावा, पांढरा घुमट कॅमेऱ्याकडे. एका छोट्या भागावरून परतणारा प्रकाश मोजणारा स्पॉट मीटर असेल तर गालावर मोजून साधारण एक स्टॉप कमी करावा, म्हणजे प्रकाश निम्मा घ्यावा.

गडद त्वचेचा आकार उजळतो तो मुख्यतः चमकेने. मोठा, मऊ दिवा बाजूने ठेवला की गालाच्या हाडावर लांब, सलग चमक उमटते. छोटा दिवा समोरून मारला तर कपाळावर पांढरा ठिपका, बाकी सपाट. मग घाईने पावडर थापली जाते, आणि चेहरा राखाडी पडतो. त्यापेक्षा दिवा हलवावा. काळ्या पडद्यापुढे अफ्रोची, म्हणजे गोल फुललेल्या कुरळ्या केसांची, कड हरवते. मागून एक हलका दिवा दिला की कुरळ्यांची रेघ सुटी दिसते.

रंगीत फिल्मच्या बाबतीत अडचण वेगळीच होती. लॅबमध्ये रंग जुळवायला कोडॅक या फिल्म कंपनीची 'शर्ली कार्ड' ही नमुना छायाचित्रे वापरत, त्यावर बरीच वर्षे गोरी बाईच असे. तिची त्वचा ठीक आली की प्रिंट पास. गडद त्वचेला हे माप कधीच लागू नव्हते.

अमेरिकन 'व्होग' हे फॅशन मासिक १८९२ पासून निघते. त्याच्या मुखपृष्ठाचे काम कृष्णवर्णीय छायाचित्रकाराकडे जायला २०१८ उजाडावे लागले. टायलर मिचेल तेव्हा २३ वर्षांचा होता, आणि कॅमेऱ्यासमोर बियॉन्से होती.