कोणत्या मशीनवर उभं करणार?

नमस्कार, कामगार बंधुभगिनींनो. यंदा आयटीआयची परीक्षा देऊन चाकण, वाळूज, सातपूर, बुटीबोरीच्या कंपन्यांमध्ये बायोडेटा घेऊन फिरणाऱ्या मुलामुलींनो, आजचं बोलणं मुख्यतः तुमच्यासाठी आहे.

नोकरी बघताना पहिला प्रश्न असतो, "हातात किती पडणार?" तो विचारायलाच हवा. खोलीचं भाडं, मेस, गावी पाठवायचे पैसे, सगळं त्यातूनच भागवायचं असतं. पण त्याच दमात आणखी एक विचारा, "मला कोणत्या मशीनवर उभं करणार?" माझं आयुष्य टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यात साचे आणि हत्यारं बनतात तिथे गेलं. दहा वर्षांनी मुलगा कुठे पोचतो, हे पहिल्या पगारापेक्षा या प्रश्नाच्या उत्तरावर ठरताना मी पाहत आलो आहे.

सीएनसी लेथ, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर चालणारं कातकामाचं मशीन घ्या. ऑपरेटर मशीनच्या पकडीत, म्हणजे चकमध्ये, जॉब म्हणजे घडवायचा तुकडा लावतो, दार ओढतो, सायकल स्टार्ट दाबतो, जॉब निघाला की माप तपासायचं गेज लावून बघतो. पाळीभर हेच. मधेच केव्हातरी टूलची कापणारी धार, म्हणजे इन्सर्ट झिजतो, जॉबचा बाहेरचा व्यास वीस मायक्रॉनने, म्हणजे पॉइंट झिरो टू मिलिमीटरने वाढतो आणि गेज जॉबवर बसेनासं होतं. ऑपरेटर सेटरला, म्हणजे मशीन जुळवून देणाऱ्याला हाक मारतो. सेटर येतो, मायक्रोमीटर लावतो, स्क्रीनवर ऑफसेटचं, म्हणजे टूलच्या मापातल्या दुरुस्तीचं पान उघडतो, त्या टूलपुढे एक्सच्या रकान्यात उणे पॉइंट झिरो टू भरतो आणि निघून जातो. अर्ध्या मिनिटाचं काम. तेवढ्यात बरेच ऑपरेटर मोबाइल काढतात. एखादा मात्र सेटरच्या खांद्यामागून स्क्रीन बघतो, कोणतं टूल, किती आकडा, का, हे विचारतो आणि खिशातल्या वहीत लिहून ठेवतो. दोघांना पगार सारखाच असतो. सेटरची जागा रिकामी झाली, की साहेबांना त्या वहीवाल्याचं नाव आठवतं.

म्हणून ध्येय ठरवताना "सुपरवायझर व्हायचंय" एवढंच लिहू नका. हुद्दा देणं कंपनीच्या हातात असतं. आपल्याला काय करता आलं पाहिजे, ते लिहा. दोन वर्षांत कुणालाही न बोलावता मशीन सेट करता यावं. पाच वर्षांत ड्रॉइंग हातात आलं की प्रोग्रॅम स्वतः लिहिता यावा, जॉब पकडून ठेवणारं फिक्स्चर कसं हवं ते सांगता यावं. त्यापुढे कुणी टूलरूमकडे वळेल, कुणी क्वालिटीकडे, कुणी स्वतःची मशीन टाकून जॉबवर्क करेल. ते आजच ठरायला हवं असं नाही. शेजारच्या कंपनीत हजार रुपये जास्त मिळतात म्हणून सेटिंग शिकायला मिळणारी जागा सोडायची आणि तिकडे जाऊन पुन्हा बटण दाबायचं, हा सौदा मला फार महाग वाटतो.

आता अप्रेंटिसशिपबद्दल. इथे मला खरोखर कळकळीनं बोलायचं आहे. अप्रेंटिसचं विद्यावेतन कंत्राटी ऑपरेटरच्या पगारापेक्षा बहुधा कमी असतं, म्हणून कितीतरी मुलं ती टाळतात आणि थेट ठेकेदाराकडे लागतात. घरची ओढाताण मला कळते. पण १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली ही उमेदवारी पूर्ण करून परीक्षा पास झालात, की राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं आणि ते जन्मभर कामाला येतं. रेल्वेच्या कारखान्यात अप्रेंटिसशिप केलेल्यांसाठी तर रेल्वेच्या सुरुवातीच्या पातळीवरच्या भरतीत वीस टक्के जागा राखून ठेवलेल्या असतात. आईवडील ऐकत असतील तर त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, शक्य असेल तर तेवढा काळ पोराला पगाराचा तगादा लावू नका.

शिक्षणाचा रस्ताही आयटीआयपाशी संपत नाही. दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड केलेल्यांना पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळतो. तिथून डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या पदवीलाही थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. अडचण गणिताची येते. पहिलं वर्ष वगळल्यामुळे आयटीआयची मुलं तिथे अडखळतात आणि शिकणंच सोडून देतात. प्रवेश घ्यायच्या आधीच्या वर्षी सुट्टीच्या दिवशी त्रिकोणमिती आणि बीजगणित घासूनपुसून घ्या. फिरत्या पाळ्यांत ते जमणं कठीण आहे. रात्रपाळीच्या आठवड्यात तर पुस्तक उघडवतही नाही. तो आठवडा सोडून द्या, पण पुढच्या आठवड्यात पुन्हा बसा. शिकवण्याची आवड असेल तर निदेशक, म्हणजे आयटीआयचा शिक्षक होण्यासाठीचा एक वर्षाचा अभ्यासक्रमही आहे. मुंबईत चुनाभट्टीला केंद्र सरकारची अशी संस्था आहे. इलेक्ट्रिशियन, वायरमन मंडळींची वाट वेगळी आहे. आधी वायरमनचा परवाना, मग सुपरवायझरचा, पुढे ठेकेदारीचं लायसन्स.

मुलींना एक वडिलकीच्या नात्यानं सांगतो. तुम्हाला मशीन शॉप सोडून असेंब्ली किंवा पॅकिंगला टाकायची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. टर्नरचा किंवा मशिनिस्टचा ट्रेड केला असेल, तर मुलाखतीतच मशीन मागा. मायक्रोमीटर वाचायला ताकद लागत नाही आणि ऑफसेट भरायलाही नाही.

आणि कागद जपा. ठेकेदार बदलला की आधीच्याकडून अनुभवाचा दाखला लगेच घ्या, त्यावर मशीनचं नाव आणि तुम्ही काय काम करत होतात ते लिहून मागा. नुसतं "हेल्पर" लिहून देत असतील तर तिथल्या तिथे बोला, कारण वर्षभरानं तो ठेकेदार त्या कंपनीत असेलच असं नाही. पीएफचा यूएएन नंबर एकच ठेवा, प्रत्येक नोकरीत तोच द्या. ट्रेडचं प्रमाणपत्र, गुणपत्रकं आणि हे दाखले एका फाइलमध्ये ठेवा आणि फाइल खोलीवर न ठेवता घरी ठेवा. खोल्या बदलताना कागद गहाळ होतात. नमस्कार.