अंधार आखणारी माणसं
(लघु माहितीपट : निवेदन)

[दृश्य : संगणकाचा काळा पडदा. मधोमध दगडी फरशीचा उजळलेला तुकडा, त्यावर दोन गोल सोंगट्या.]

हे एक तळघर आहे. सगळं दिसत नाही, कारण सगळं दिसायचंच नाही. डावीकडच्या लढवय्याच्या हातात मशाल आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाच्या नियमाप्रमाणे तिचा लख्ख उजेड 20 फूट, त्यापुढे आणखी 20 फूट अंधुक. शेजारची सोंगटी ड्वार्फ या बुटक्या जातीची. तिला मशाल लागत नाही, अंधारातही तिला बऱ्याच अंतरापर्यंतचं कळतं. या दोन पात्रांचे खेळाडू दोन वेगळ्या शहरांत बसलेत आणि त्यांच्या पडद्यांवर एकाच नकाशाची दोन वेगळी चित्रं आहेत. तिसरा पडदा गोष्ट चालवणाऱ्या गेम मास्टरचा. तिथे सगळं उघडं : भिंती, सापळे, आणि वळणापलीकडे दबा धरून बसलेले चार गॉब्लिन.

ही तीन चित्रं एकाच वेळी सांभाळायची, सोंगटी एक घर सरकली की तिन्ही बदलायची, आणि त्यासाठी कुणाकडून एक पैसा घ्यायचा नाही. मॅपटूल नावाचं साधन हे काम वर्षानुवर्षं करत आलंय. ते बनवणारे लोक हौशी आहेत. नोकरी, घर सांभाळून उरलेल्या वेळात लिहिणारे.

[दृश्य : टेबलावर फासे, कागद, पेन्सिली. हात दिसतात, चेहरे नाहीत.]

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक जण गेम मास्टर होतो. तो जग सांगतो : समोर लाकडी दार आहे, आतून कुजबुज ऐकू येतेय. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपण काय करतो ते सांगतात. जमेल की नाही याची शंका असली की फासा टाकायचा, बहुतेक वेळा 20 बाजूंचा, आणि पडेल ते दान मान्य करायचं. गोष्ट सगळ्यांची मिळून पुढे जाते. एकेक गोष्ट कित्येक वर्षं चालते.

आता या खेळात पट कशाला, असं कुणी विचारेल. नुसतं बोलूनही खेळता येतं, आणि अनेक जण तसंच खेळतात. पण लढाई सुरू झाली की कोण कुठे उभा आहे, बाणाच्या वाटेत खांब येतो का, यावरून वाद होतात. तिथे पट लागतो. आणि पटावर सगळ्यांना सगळं दिसत असेल, तर अंधारात पाऊल टाकण्यात धाक उरत नाही.

[दृश्य : जुने लष्करी नकाशे, लाल आणि निळे ठोकळे.]

ही अडचण खूप जुनी आहे. 1824 साली प्रशियाच्या सैन्यातल्या गेओर्ग फॉन राइसविट्झ या अधिकाऱ्याने क्रीग्सश्पील या युद्धखेळाचे नियम छापले. दोन्ही बाजूंचे अधिकारी लेखी हुकूम पंचाकडे द्यायचे. शत्रूच्या ज्या तुकड्या खरोखर नजरेच्या टप्प्यात आल्या असत्या, तेवढ्याच पंच त्यांना दाखवायचा. पूर्ण चित्र फक्त पंचापाशी. मला वाटतं, आजच्या गेम मास्टरचं मूळ या पंचात आहे, जादूच्या गोष्टींत शोधायला जाऊ नये.

पुढचा प्रवास अमेरिकेतला. मिनेसोटातल्या डेव्हिड वेसली यांनी 1969 मध्ये असा एक डाव मांडला, ज्यात खेळाडूने फौज न हाकता एकच माणूस व्हायचं होतं. त्याच मंडळीतले डेव्ह आर्नेसन आणि विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हाचे गॅरी गायगॅक्स यांनी मिळून 1974 साली डंजन्स अँड ड्रॅगन्स आणलं. पहिल्या छपाईच्या प्रती होत्या 1,000.

[दृश्य : जुन्या धाटणीच्या खिडक्या, चॅटच्या ओळी सरकताना.]

इंटरनेट घरोघरी पोचलं तसे पांगलेले मित्र पुन्हा खेळण्याच्या वाटा शोधू लागले. 2000 च्या आसपास ओपनआरपीजी हे पायथनमध्ये लिहिलेलं मुक्त साधन वापरात होतं : गप्पा, फासे आणि साधा नकाशा. 2004 मध्ये फँटसी ग्राउंड्स आलं, ते विकत घ्यायचं होतं. 2012 मध्ये लोकवर्गणीतून रोल20 उभं राहिलं आणि नुसत्या ब्राउझरमध्ये खेळता येऊ लागलं. 2020 च्या मे महिन्यात, निम्मं जग घरात कोंडलेलं असताना, फाउंड्री बाजारात आलं. प्रत्येकाचे भक्त आहेत. मी मॅपटूलपाशी थांबतोय, कारण त्याचा कोड उघडा आहे, आणि पटामागे काय चालतं ते तिथे बघता येतं.

[दृश्य : नकाशा. भिंतींवर पारदर्शक निळा थर. सोंगटीपासून रेषा फुटतात.]

हा निळा थर खेळाडूंना कधीच दिसत नाही. गेम मास्टर भिंतींवर तो आखतो आणि संगणकाला सांगतो, इथून नजर पलीकडे जात नाही. मग गणित सुरू होतं. सोंगटीच्या जागेपासून भिंतीच्या प्रत्येक कोपऱ्याकडे रेषा काढायची, कोनांच्या क्रमाने एक फेरी मारायची, वाटेत सगळ्यांत आधी कोणती भिंत आडवी येते ते टिपायचं. फेरी पुरी झाली की जो आकार मिळतो, तेवढंच त्या पात्राचं जग. त्यातून उजेड न पोचणारा भाग वजा करायचा. पूर्वी पाहून झालेला भाग अंधुक ठेवायचा, कारण पात्राला तो आठवत असणार.

चौकोनी खोलीला कोपरे चार. पण कुणी हौसेने हाताने गुहा काढली, तर तिच्या वेड्यावाकड्या काठावर हजारो बिंदू येतात. आठ-दहा सोंगट्या, प्रत्येकीची नजर वेगळी, प्रत्येक पावलाला हिशेब नव्याने. साधा संगणक इथे धापा टाकतो. म्हणून या एका भागावर पुन्हा पुन्हा काम झालं. पुढे नुसती भिंत पुरेना, तेव्हा टेकडी, खड्डा आणि आडोसा यांच्यासाठी निराळे थर आले. खड्ड्याच्या काठावरून आत दिसतं, पण आतल्याला बाहेरचं दिसत नाही, एवढी साधी गोष्ट. ती संगणकाला समजावायची तर भूमिती नव्याने मांडावी लागते.

[दृश्य : चौकटींचा पट. सोंगटी तिरपी सरकते, बाजूला अंतराचे आकडे.]

अंतराचंच बघा. एक घर म्हणजे 5 फूट. सरळ चार घरं गेलात, 20 फूट. तिरपे चार गेलात तर? डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीच्या नेहमीच्या पद्धतीत तेही 20 फूटच. पाथफाइंडर या तशाच दुसऱ्या खेळात पहिलं तिरपं घर 5 फुटांचं, दुसरं 10 चं, तिसरं पुन्हा 5 चं; म्हणजे झाले 30. षटकोनी पट घेतला तर प्रश्नच बदलतो. कोणतं उत्तर बरोबर, हे साधनाने ठरवायचं नाही. मॅपटूलमध्ये गट आपली पद्धत निवडतो.

हाच विचार ते पुढे नेतं, आणि मला या साधनाबद्दल आदर आहे तो इथे. मॅपटूलला कोणत्याही खेळाचे नियम येत नाहीत. तलवारीचा घाव किती, जादूने किती भाजतं, काहीच माहीत नाही. त्याऐवजी त्याने वापरणाऱ्यांच्या हाती एक छोटी मॅक्रो भाषा दिली. ज्यांना हवं त्यांनी तीत आपापल्या खेळाचे नियम लिहिले, बटणं केली, पात्रांचे तक्ते केले, आणि इतरांना वाटून टाकले. काही जण प्रोग्रामिंग शिकले तेच मुळी या निमित्ताने. याची किंमतही आहे : नवा माणूस साधन उघडतो तेव्हा समोर रिकामा पट असतो आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी केलेलं आउलबेअर रोडिओ उलट टोकाचं आहे, नकाशा टाका आणि खेळायला लागा. पहिल्यांदा खेळणाऱ्या गटाला मी तेच सुचवीन. दीर्घ मोहीम असेल, स्वतःचे नियम असतील, तर मॅपटूल शिकण्याचे कष्ट वाया जात नाहीत.

[दृश्य : दोन संगणकांमध्ये धावणारे ठिपके.]

चित्रांची ने-आण हा दुसरा किचकट भाग. नकाशे जड असतात. म्हणून प्रत्येक चित्राला त्याच्या मजकुरावरून काढलेली एक खूण असते. तुमच्या संगणकाकडे त्या खुणेचं चित्र आधीपासून असेल, तर ते पुन्हा मागवलं जात नाही. मंद जोडणीवर खेळणाऱ्याला हे फार उपयोगी पडतं.

मधे कुठली कंपनी नाही, तेव्हा डावाचं यजमानपद गेम मास्टरच्याच संगणकाकडे येतं. यात खर्च नाही, पण घरचा राउटर बाहेरच्यांना आत येऊ देत नाही. त्यासाठी राउटरमध्ये शिरून पोर्ट, म्हणजे आत येण्याची वाट, उघडावा लागे, 51234 क्रमांकाचा. गोष्ट सांगायला बसलेल्या माणसाला आधी नेटवर्क शिकावं लागलं, तर उत्साह तिथेच मावळतो. नव्या आवृत्त्यांत वेबआरटीसी या संगणकांना थेट जोडणाऱ्या तंत्राचा पर्याय आलाय, त्यामुळे हे काम बऱ्याच अंशी सुटतं.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. नकाशा खेळाडूच्या संगणकावर पोचला आणि झाकण्याचं काम तिथेच होत असेल, तर जाणकार माणूस आत डोकावू शकतो. पैजेच्या खेळात हे चाललं नसतं. इथे चालतं, कारण चोरून बघणारा स्वतःचीच गोष्ट नासवतो. एवढा विश्वास नसलेल्या गटाने आधी एकमेकांशी बोलावं, तांत्रिक उपाय नंतर.

[दृश्य : वर्तमानपत्री मथळ्यांसारख्या सरकत्या पट्ट्या, 2023.]

2023 च्या जानेवारीत या सगळ्या साधनांच्या मुळावर घाव येतो की काय, अशी वेळ आली. डंजन्स अँड ड्रॅगन्सची मालक कंपनी विझर्ड्स ऑफ द कोस्ट इतरांना नियम वापरू देणारा, 2000 सालापासूनचा आपला खुला परवाना बदलू पाहत होती. त्या मसुद्यासोबत आभासी पटांसाठीचं धोरण होतं. टेबलावर जे करता येतं ते पडद्यावर करा, पण मॅजिक मिसाइल हे जादूचं अस्त्र पटावरून सणसणत गेल्याचं अॅनिमेशन दाखवलंत तर तो टेबलावरचा खेळ राहत नाही, असा त्याचा आशय.

प्रश्न खोटा नव्हता. पडद्यावर सगळंच दिसू लागलं, तर कल्पनेला जागा किती उरते, याचा विचार साधन लिहिणाऱ्याने रोज करायला हवा. पण ती रेघ प्रत्येक गटाने आपल्या टेबलापुरती ओढायची असते. परवान्यातून कंपनीने ओढली, तर फुकट काम करणाऱ्या माणसाच्या डोक्यावर वकिलाची टांगती तलवार येते. खेळाडूंनी प्रचंड विरोध केला. महिना संपायच्या आत कंपनीने मसुदा मागे घेतला आणि मूळ नियमांचा संच क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला. तो आता परत घेता येत नाही.

त्याच कंपनीने पुढे सिजिल नावाचा देखणा त्रिमितीय पट 2025 च्या फेब्रुवारीत आणला. पुढच्याच महिन्यात त्यावर काम करणाऱ्या बहुतेकांना कमी केल्याच्या बातम्या आल्या. मॅपटूलकडे असा पैसा कधी नव्हता. पण त्याच्या कोडवर एजीपीएल परवाना आहे : कुणीही घ्या, बदला, चालवा, मात्र बदललेली आवृत्ती इतरांना जाळ्यावरून वापरायला दिलीत, तर तिचा कोडही त्यांना द्या. मूळ लिहिणारे बाजूला झाले, दुसरे आले, काम चालू राहिलं.

[दृश्य : साध्या मजकुराची फाईल. डावीकडे खुणा, उजवीकडे वाक्यं.]

मॅपटूलच्या पडद्यावरचा प्रत्येक शब्द, बटणांवरचा, सूचनांमधला, अशा मजकुराच्या फाइलीत वेगळा ठेवलेला असतो. डावीकडची खूण तशीच ठेवायची, उजवीकडे आपल्या भाषेतलं वाक्य लिहायचं. प्रोग्रामिंग यावं लागत नाही. खेळ खेळलेला असावा, आणि पट, सोंगटी, दान, डाव हे शब्द कुठे बसतील याचा कान असावा. मराठीत गोष्ट सांगणाऱ्या एखाद्या गेम मास्टरला कोडच्या एका ओळीलाही हात न लावता हे काम आजच सुरू करता येईल.